मॅडमच्या नावावरच्या आगी

मोहाचा वास सगळ्यांना झेपत नाही. माझ्या सासूबाई चंद्रपूरहून पहिल्यांदा माझ्या क्वार्टरवर राहायला आल्या, तेव्हा पदर नाकाशी धरूनच बसल्या होत्या. "कायचा वास म्हनावा हा, काही सडलं का कुठी?" असं थोड्या थोड्या वेळाने विचारत. गोड, आंबूस, थोडा डोक्यात चढणारा हा वास एकदा अंगवळणी पडला की मग तो आल्याशिवाय एप्रिल आला असं वाटत नाही. यंदाही आला आहे. गावागावांत अंगणं मोहफुलांनी भरली आहेत, पिवळी होती ती वाळून लालसर होत चालली आहेत, आणि मोटरसायकलवरून जाताना कुठल्याही वळणावर वास असा अंगावर येतो की मी नकळत गाडी हळू करते. लोक म्हणतात, बाईंना मोह आवडतो. आवडतो, खोटं कशाला बोलू. पण गाडी मी हळू करते ती झाडांच्या वर कुठे धूर दिसतो का ते बघायला.

वनखात्यात आहे म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न वाघाचा असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर काम करणाऱ्या माझ्या मावसभावाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्याकडे पाचोळा असतो. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आमची नोकरी म्हणजे पाचोळ्याची नोकरी. सागाची पानं पापडासारखी वाळतात, पाय टाकला की आवाज पार नाल्यापलीकडे जातो. आणि याच पाचोळ्यात पहाटे मोहाची फुलं पडतात. लहान, फिकी, रसाने जड झालेली. पानांत पडलं की फूल सापडत नाही. म्हणून ज्याचं झाड असतं तो हंगामाच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतो आणि जमीन काळी, स्वच्छ करून ठेवतो. काडी लावायची, थोडं थांबायचं, घरी जायचं. आग मात्र घरी जात नाही. ती पुढच्या झाडाखाली जाते, तिथून टेकडीवर चढते. यात कोणी दुष्ट नाही. गावालाही हे ठाऊक आहे आणि आम्हालाही. तरी दरवर्षी जंगल पेटतं आणि दरवर्षी आम्ही नवल वाटल्यासारखं करतो.

मी नवीन वनरक्षक होते तेव्हा गडचिरोलीकडच्या एका रेंज ऑफिसात होते. तिथला रिवाज मला पहिल्याच आठवड्यात आमचे वनपाल बोरकर साहेबांनी समजावून सांगितला. बोरकर साहेब म्हणजे पोट सुटलेला, मनाने गरीब, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला माणूस. ते म्हणाले, "रामटेके बाई, आग लागली त इझवाची. सांगाची नाई. सांगतलं त तुम्हालेच खुलासा मागते." ज्याच्या बीटात, म्हणजे राखायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात आग, त्याला नोटीस. म्हणून कोणाच्याच बीटात आग नसे. सॅटेलाइटवरून मोबाइलवर मेसेज आलाच तर "शेतातला धुरा जाळला", म्हणजे बांधावरचं गवत, असं कळवायचं. जी आग सॅटेलाइटला दिसली नाही ती लागलीच नाही. शेजारच्या बीटवाल्याला मदतीला बोलावणं म्हणजे साक्षीदार गोळा करणं, म्हणून बोलवायचंही नाही. प्रत्येकाने आपापलं जंगल गुपचूप जळू द्यायचं. मी हे बाबांना सांगितलं. त्यांची सगळी हयात बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मशीनच्या घरघराटात गेलेली. त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "वरच्याले वाईट बातमी आवडत नाई, बाळ," एवढंच म्हणाले आणि परत टीव्ही बघू लागले.

मग मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या, अंगाने बारीक, बोलायला तडक. आरएफओ म्हणजे आमच्या रेंजच्या प्रमुख. आमचं ऊन त्यांना पहिल्याच आठवड्यात असं लागलं की ऑफिसच्या ओसरीवर आडव्याच झाल्या. दसरू भाऊ मडावींनी त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि खिशातला कांदा काढून त्यांच्या हातात दिला. दसरू भाऊ आमचे फायर वॉचर, उन्हाळ्यापुरते कामावर घेतलेले, जवळच्याच गोंड गावातले. "हा खिशात ठेवा जी, मॅडम. ऊन नाई लागत." मॅडमनी तो कांदा पुढे सगळा उन्हाळा खिशात बाळगला. बैठकीला खिशातून पेन काढताना तो टेबलावर घरंगळायचा, आणि त्या शांतपणे उचलून परत ठेवायच्या. कोण हसेल याची फिकीरच नव्हती बाईंना.

पाचोळा जाळू नका, हे सांगायला त्या दसरू भाऊंच्या गावात गेल्या. बरोबर मी होते. आमच्या आधीच्या साहेबांचं काम सोपं होतं: जीपमधून उतरायचं, कायदा सांगायचा, पाणी प्यायचं, निघायचं. मॅडमनी विचारलं, तुम्ही काय म्हणता? तिथेच सगळा दिवस गेला. त्या गावात बहुमत वगैरे भानगड नसते. झाडाखाली गोल बसतात, आणि शेवटचा माणूस होकार देईपर्यंत उठत नाहीत. कोणी अडून बसला तर त्याच्यावर आवाज चढवत नाहीत, त्याची वाट बघतात. मधे बाया घरी जाऊन भाकरी टाकून आल्या, पोरं झोपून उठली, सावली सरकली तसं सगळं गाव सरकलं. मी कंटाळून गेले होते. मॅडम मांडी घालून बसून होत्या. शेवटी सुनीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईने तोंड उघडलं. "जाळत नाई आम्ही. पन झाडाखाली झाडू कोन मारन? तुम्ही मारता का?"

मॅडम म्हणाल्या, "मारते."

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. रेंज ऑफिसातली माणसं, हातात खराटे घेऊन, मोहाखाली. बोरकर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मी वनपाल हाये का झाडूवाला?" असं ते मला कुजबुजत विचारायचे आणि मॅडम दिसल्या की जोरात खराटा मारायचे. आम्ही पानं ओढून बाजूला ढीग करायचो, झाडाखालची लाल माती उघडी पडायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मातीवर फुलं पडलेली असायची, स्वच्छ, न करपलेली. सुनीबाईने मूठभर उचलून मॅडमच्या तोंडासमोर धरली. मॅडमनी एक खाल्लं, तोंड वाकडं केलं, आणि सगळ्या बाया हसून लोळल्या. पाठ दुखायची, घामाने युनिफॉर्मवर मिठाचे नकाशे उमटायचे. नोकरीत मी इतकी खूश कधी नव्हते.

गावातली ती गोल बैठक मॅडमनी ऑफिसात आणली. दर शनिवारी बेहड्याच्या झाडाखाली सतरंजी. खुर्ची कोणालाच नाही. बोलायची सुरुवात वरून नाही, खालून. आधी वॉचर, मग आम्ही वनरक्षक, मग वनपाल, सगळ्यांत शेवटी त्या. आयुष्यभर दारात उभे राहिलेले दसरू भाऊ पहिल्या शनिवारी सतरंजीच्या काठावर असे बसले होते की कोणी उठवलं तर लगेच उठता यावं. काही आठवड्यांनी ते मधोमध बसू लागले. पहिल्याच बैठकीत मॅडमनी सांगितलं, "आग लागली म्हणून मी कुणाला एका शब्दाने बोलणार नाही. लपवली तर मात्र बोलेन. हातभर जळलं तरी कळवायचं. कुठं लागते, का लागते, हे कळलं नाही तर आपण विझवणार काय?"

आधी कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकाने भीतभीत व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकलं. नोटीस आली नाही. शेजारच्या बीटातले दोघं पाचोळा उडवायचे ब्लोअर घेऊन धावले, आग ओसरीएवढी होती तेवढ्यातच संपली. मग दुसऱ्याने टाकलं. त्या मार्चमध्ये आमचे फोन सारखे वाजत. पाचोळ्यातली आग, बांबूच्या रांजीतली, म्हणजे बेटातली आग, रस्त्याकडेला कोणी बिडी टाकली त्याची आग. सगळं कळवलं जायचं आणि सगळं लवकर विझायचं. टेकड्या काळ्या झाल्या नाहीत. बोरकर साहेबसुद्धा एकदा स्वतःहून म्हणाले, "इतके वर्स आपन येड्यावानी एकेकटे इझवून राह्यलो होतो ना बाई."

आमचं कौतुक होईल असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

वरच्या ऑफिसची बैठक मोबाइलच्या पडद्यावर व्हायची, आणि मॅडम आम्हाला सगळ्यांना खोलीत बसू द्यायच्या. आपल्याबद्दल काय बोललं जातं ते आपल्याला कळावं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी सगळ्या रेंजचे आगीचे आकडे पडद्यावर लागले आणि आमची रेंज सगळ्यांच्या वर होती. पडद्यातला आवाज म्हणाला, "तुमच्याआधी तिथे आगी नव्हत्या. तुम्ही आल्यावर कशा लागल्या?"

"लागत होत्या, सर. आता कळतात. आणि जळालेलं क्षेत्र बघितलं तर..."

"म्हणजे लागतात ना? मग झालं. हा आकडा खाली यायला पाहिजे. नाहीतर तिथे दुसरा माणूस बघावा लागेल."

वेगवेगळ्या चौकोनांतले बाकीचे अधिकारी खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. त्यांच्याकडे आगी नव्हत्या. मॅडमनी फोन बंद केला, आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चहा घ्या सगळ्यांनी. आगी कळवत राहा. माझं मी बघते." त्या काय बघणार होत्या, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही.

त्याच संध्याकाळी बेहड्याखाली पुन्हा सतरंजी पडली. या वेळी मॅडम नव्हत्या, त्या गावाकडे गेल्या होत्या. पद्धत तीच, त्यांनीच शिकवलेली. आधी शेवटचा माणूस. दसरू भाऊ म्हणाले, "मॅडम गेल्या नाई पाहिजे. आपली आग आपन इझवू. सांगाचं नाई." दुसरा म्हणाला, हो. तिसरा म्हणाला, हो. कोणी कोणावर दबाव टाकला नाही, कोणी घाई केली नाही. इतक्या मायेने, इतक्या एकजुटीने घेतलेला निर्णय त्या ऑफिसने कधी पाहिला नसेल. माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हटलं. मॅडमनी एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीच तुम्ही मोडताय, असं म्हटलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, वाईट वाटून, मी मॅडमची माणूस नाही हे आज कळल्यासारखं. बोरकर साहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं बीट तुम्ही पाहा. आमचं आम्ही पाहातो."

ग्रुपवर त्यानंतर एकटीच मी. माझ्या बीटातली आग, माझ्या बीटातला धूर. बाकी सगळीकडे शांत. प्रत्येक वेळी बटण दाबताना वाटायचं की आपणच मॅडमना एकेक पाऊल बाहेर ढकलतोय. न दाबावं तर त्यांनी उभं केलेलं सगळं खोटं पडतंय. मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी शनिवारी सगळ्यांना विचारलं. पाळीपाळीने एकेक जण बोलला: "मोहा सरला ना मॅडम, आता कमीच लागते." "गाव जाळतच नाई आता, तुमच्याचमुळे." दसरू भाऊ हसून म्हणाले, "काईच नाई जी." खोटं बोलताना माणसं नजर चुकवतात असं म्हणतात. यांनी चुकवली नाही. ते सगळे तिच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की तिला ओरडायलाही जागा मिळाली नाही. मी मॅडमना 'ती' म्हणून गेले, क्षमा करा. त्या दिवशी त्या मला माझ्याच वयाच्या वाटल्या.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी, ऊन डोक्यावर असताना, दसरू भाऊंना टेकडीवर धूर दिसला. फोन त्यांच्याजवळ होता. नेटवर्कही होतं, हे नंतर कळलं. ग्रुपवर टाकलं असतं तर आम्ही ब्लोअर घेऊन पोचलो असतो. ते पळसाची डहाळी तोडून एकटेच चढले. आग चढाने वर येत होती आणि वारा फिरला. गुरं चारणाऱ्यांनी त्यांना खाली आणलं.

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात ते पालथे पडले होते. दोन्ही हात आणि पाठ पट्ट्यांत. खिडकीला ओली चादर लावली होती, बाहेर रिक्षांचे भोंगे. मॅडम खाटेजवळ जमिनीवर बसल्या, म्हणजे त्यांचं तोंड दसरू भाऊंच्या तोंडासमोर आलं. मग विचारलं, "भाऊ, कळवलं का नाही?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. "सांगतलं असतं त तुमच्या नावावर आली असती जी."

मॅडमनी तिथेच खाटेच्या लोखंडाला कपाळ टेकलं. मी बाहेर निघून आले. बोरकर साहेब व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होते.

ती आग लपली नाही. माणूस भाजला होता, लपणार कशी? मॅडमची बदली हंगाम संपायच्या आतच झाली, कुठल्याशा कार्यालयात, टेबलाच्या कामावर. सुनीबाई निरोपाला आली तेव्हा तिला बदली म्हणजे काय ते नीट सांगता येईना. "काय चुकलं तिचं?" ती विचारत राहिली. मी काय सांगणार होते? की तिचं काही चुकलं नाही, म्हणूनच? पुढच्या साली नवे साहेब आले, सतरंजी घडी होऊन कपाटात गेली, आणि आगी पुन्हा बंद झाल्या. दसरू भाऊंचे हात बरे झाले, पण बोटं पुरती मिटत नाहीत. ते वॉचर म्हणून परत आले नाहीत. त्यांना पश्चात्ताप आहे का, हे मी एकदा विचारलं. त्यांनी नवलाने माझ्याकडे बघितलं. "मॅडम गेल्या याचं वाईट वाटते," म्हणाले. दुसऱ्या कशाचं नाही.

आता मीच वनपाल आहे, दुसऱ्या रेंजला; काही बीटं मिळून होणारा एक राउंड माझ्याकडे आहे. मधल्या काळात आमच्यासाठी प्रशिक्षणं झाली. नेतृत्व, संघभावना, कामाच्या जागेचं वातावरण. वातानुकूलित हॉल, बिसलेरीच्या बाटल्या, प्रत्येकाला एक फाइल. शिकवणारे गृहस्थ चांगले होते. ते म्हणाले, लोकांचा विश्वास जिंका, बाकी सगळं आपोआप येतं. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. हात वर करावा असं वाटलं, केला नाही. काय म्हणणार होते मी? आमच्या मॅडमनी विश्वास जिंकला होता. पुरता जिंकला होता. आम्हाला त्यांची पद्धत पटली असं त्यांना वाटलं, मलाही वाटलं. प्रत्यक्षात आम्हाला त्या आवडल्या होत्या. आणि ज्या माणसावर जीव जडतो त्याला वाईट बातमी सांगायला धमकीपेक्षाही जास्त जड जातं. यावर उपाय काय, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या माणसांवर मी डाफरून बघितलं, तेव्हा ते भीतीने लपवू लागले. मग गोड वागून बघितलं. मी पण सतरंजी घातली. मी पण सांगितलं, आग लागली म्हणून एका शब्दाने बोलणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. ते मला माझ्या वाढदिवसाला साडी देतात, माझ्या मुलीच्या बारावीच्या पेपरांची चौकशी करतात. वरून मला आकड्यांवरून ऐकावं लागतं, हे त्यांना माहीत आहे. मी कधी सांगितलं नाही, पण पातळ भिंतींच्या ऑफिसात काय लपतं?

शेंडे माझ्याकडे नवीन आलेला वनरक्षक. धानोऱ्याकडचा, कष्टाळू, कमी बोलणारा, मला मोठी बहीण मानतो. परवा दुपारी तो क्वार्टरवर आला. पळसाच्या पानाच्या द्रोणात टेंभरं, तेंदूची फळं, घेऊन. पिवळीधम्मक, पहिली पिकलेली. मी पाणी दिलं, त्याने एका दमात पिऊन टाकलं, परत मागितलं.

"बीटात काय चाललंय?" मी विचारलं.

"सर्व चांगलं हाये बाई. तुम्ही टेन्शन नका घेऊ. यंदा आपल्या राउंडात एकबी आग नाई." आणि तो हसला, जसं काही मला भेट देत होता.

द्रोण घ्यायला मी हात पुढे केला तेव्हा त्याचा हात दिसला. मनगटापासून वर केस जळून गेले होते, कातडी लाल, एका जागी फोड. मी द्रोण खाली ठेवला आणि त्याचं मनगट धरलं.

"कुठं लागली होती?"

"कुठीच नाई जी."

"शेंडे, मी काही बोलणार नाही. खरंच. फक्त सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नावालाही नव्हती. मग त्याने मनगट हळूच सोडवून घेतलं, दुमडलेली बाही खाली ओढली आणि तिचं बटण लावलं.